जिगिंगसाठी परवडणारा रॉड कसा निवडावा? किनाऱ्यावरून आणि बोटीवरून गरवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉड घ्यायला निघालेला माणूस आधी किंमत विचारतो, मग कंपनी. मला वाटतं, त्याच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: मी बहुतेक वेळा किती ग्रॅमचा जिग (मासे पकडायचं धातूचं खोटं आमिष) टाकणार आहे? याचं उत्तर पक्कं असलं की साध्या किमतीचा रॉडही वर्षानुवर्षं काम देतो. उत्तर माहीत नसलं तर महागडा रॉडही हातात परका वाटतो. खालचे प्रश्न नव्याने जिगिंग सुरू करणारे मला सतत विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

जिगिंगचा रॉड वेगळा का लागतो? घरात असलेला साधा रॉड चालणार नाही का?

आमिष लावून टाकलेला रॉड स्टँडमध्ये उभा राहतो आणि माशाची वाट बघतो. जिगचं तसं नाही. जिग म्हणजे शिशाचा किंवा दुसऱ्या धातूचा तुकडा; त्याला वास नाही, चव नाही. त्यात जीव आणायचं काम रॉडचं टोक आणि तुमचं मनगट मिळून करतात. दर झटक्याला टोक वाकतं, जिगचं वजन आणि पाण्याचा विरोध झेलतं, आणि सरळ होताना जिगला उडी देतं. सकाळभरात असे शेकडो झटके होतात.

टोक फार लवचिक असेल तर झटका रॉडमध्येच जिरतो आणि खाली जिग जेमतेम हलतो. उलट रॉड फार कडक असेल तर जिग नुसता ओढला जातो, बाजूला वळत नाही, फडफडत नाही, आणि तासाभरात मनगट भरून येतं. घरातला रॉड हलका असेल आणि तुमच्या जिगच्या वजनाला बसत असेल तर जरूर वापरून बघा. आमिषाचे बहुतेक रॉड मात्र जड असतात किंवा टोकाला फार मऊ.

किनारा आणि बोट, दोन्हीकडे एकच रॉड चालेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सरळ उत्तर असं की चालतो, पण दोन्हीकडे थोडी तडजोड करून.

किनाऱ्यावर लांबी लागते. लांब रॉडचं टोक फेकताना जास्त वेग घेतं, त्यामुळे जिग लांब जातो. शिवाय पुढच्या खडकांवरून आणि फुटणाऱ्या लाटांवरून लाइन उचलून धरता येते. बोटीवर फेकायचं फारसं नसतंच. जिग सरळ खाली सोडायचा, तळाला लागला की वर आणत राहायचा. तिथे लांबी अडचणीची होते, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

मासा खाली ओढतो तेव्हा रॉड म्हणजे तरफ असते, आणि तिची लांब बाजू माशाकडे असते. रॉडचं टोक हातापासून आडव्या अंतरात १ मीटरवर असेल आणि मासा ४ किलोंनी ओढत असेल, तर हातावर जो पीळ येतो त्याच्या दुप्पट पीळ टोक २ मीटरवर असताना येतो. मासा तोच, ओढ तीच, दमणूक दुप्पट. म्हणून बोटीवरचे लोक ५ ते साडेसहा फुटांचा रॉड हातात घेतात आणि किनाऱ्यावरचे ९ ते १० फुटांचा.

एकाच रॉडवर भागवायचं असेल तर साडेसात ते ८ फुटांचा, २० ते ६० ग्रॅम लिहिलेला, स्पिनिंग रीलचा (रॉडखाली लटकणाऱ्या, लाइन गुंडाळायच्या चाकाचा) रॉड घ्या. धक्क्यावरून, खाडीच्या तोंडाशी किंवा शांत किनाऱ्यावर तो पुरतो. उथळ पाण्यात बोटीवरून टाकूनही गरवता येतं. मोठ्या लाटांच्या खुल्या किनाऱ्यावर तो तोकडा पडेल, आणि ५० मीटर खोल पाण्यात १५० ग्रॅमचा जिग उचलायला गेलात तर त्याच्या ताकदीबाहेरचं होईल.

माझं मत विचाराल तर, वर्षातून दहा वेळा किनाऱ्यावर आणि एकदा बोटीवर जाणाऱ्याने किनाऱ्याचाच चांगला रॉड घ्यावा आणि बोटीसाठी त्या दिवसापुरता कुणाकडून मागून आणावा. दोन्हीकडे सारखंच जाणं असेल तर एका महाग अष्टपैलू रॉडपेक्षा दोन साधे, पण आपापल्या कामाचे रॉड मी कधीही पसंत करीन.

किनाऱ्यासाठी नेमकी किती लांबी?

सुरुवातीला ९ ते साडेनऊ फूट. खडक उंच असतील किंवा लाट लांबवर फुटत असेल तर १० फूट. त्याहून लांब रॉड कागदावर लांब फेकतो, पण तो पूर्ण वाकवायला अंगात तेवढी ताकद आणि सवय लागते. दिवसभर झटके मारताना लांब रॉडचं टोक हाताला खाली ओढत राहतं, आणि दमलेला हात आखूडच फेकतो. उंची कमी असेल किंवा खांद्याचा त्रास असेल तर ८ फूट ६ इंच घ्यायला अजिबात संकोच करू नका.

मुठीची मागची लांबीही बघा. रील सीटपासून (रील बसवायच्या जागेपासून) बुंध्याच्या टोकापर्यंतचा भाग साधारण मनगट ते कोपर एवढा असला की फेकताना दुसरा हात नीट बसतो आणि झटके मारताना तो भाग कोपराखाली टेकवता येतो. फार लांब असेल तर दर झटक्याला जॅकेटला अडकतो.

रॉडवर लिहिलेले आकडे कसे वाचायचे?

मुठीच्या वर रॉडवर बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं, ते किंमत विचारण्याआधी वाचा.

लांबी फूट-इंचात किंवा सेंटिमीटरमध्ये असते. त्यानंतर लुअरचं, म्हणजे जिगसारख्या खोट्या आमिषाचं वजन, ग्रॅममध्ये किंवा औंसात. १ औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, हिशोबाला २८ धरा. ‘२० ते ६०’ लिहिलं असेल तर दोन्ही टोकं सारखीच चालतील असं समजू नका. २० ग्रॅमला रॉड नीट वाकणार नाही आणि ६० ग्रॅमला जपून फेकावं लागेल. त्याची खरी मजा ३० ते ४५ मध्ये. म्हणून तुमचा रोजचा जिग आकड्यांच्या मधोमध, थोडा वरच्या बाजूला येईल असा रॉड निवडा. रोज ४० ग्रॅम टाकणाऱ्याने कमाल ४० लिहिलेला रॉड घेणं ही स्वस्तातल्या रॉडबाबत होणारी सगळ्यात मोठी चूक.

बोटीच्या रॉडवर लिहिलेलं वजन वेगळं. तिथे ‘कमाल २०० ग्रॅम’ म्हणजे २०० ग्रॅमचा जिग खाली सोडून खेळवता येईल, एवढंच. तोच जिग त्या रॉडने जोरात फेकला तर रॉड तुटू शकतो. हे न कळल्यामुळे मोडलेले रॉड मी पाहिले आहेत, आणि त्यांत रॉडचा काहीच दोष नव्हता.

पुढे लाइनचा आकडा येतो, पौंडात किंवा पीईमध्ये. पीई हा ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेल्या, लाइनच्या जाडीचा आकडा आहे. पीई १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिलिमीटर, पीई २ म्हणजे सुमारे ०.२३५, पीई ३ म्हणजे सुमारे ०.२८५. ताकद कंपनीगणिक आणि विणीगणिक बदलते, म्हणून पौंडाचा आकडा लाइनच्या रिळावर वेगळा बघायचा. स्वस्त ब्रेड बऱ्याचदा लिहिल्यापेक्षा जाड निघते, हे लक्षात असू द्या. जाड लाइन वारा आणि प्रवाह जास्त धरते, आणि जिग तळाला पोचायला वेळ लावतो.

शेवटी एमएल, एम, एमएच, एच (मध्यम-हलका, मध्यम, मध्यम-जड, जड) अशी अक्षरं असतात. ती दर कंपनीची आपापली असतात. एकाचा एम दुसऱ्याच्या एमएचएवढा कडक असू शकतो. ग्रॅमवर विश्वास ठेवा, अक्षरावर नको.

पॉवर आणि अ‍ॅक्शन एकच का?

वेगळ्या गोष्टी. रॉड वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर. कुठून वाकतो ती अ‍ॅक्शन. फास्ट रॉड टोकाच्या भागात वाकतो, स्लो रॉड मुठीपर्यंत. किनाऱ्यावरच्या जिगला मध्यम-फास्ट बरा: झटका लगेच पोचतो आणि तरी फेकताना रॉडचा मधला भाग कामाला येतो. अगदी फास्ट रॉड नवख्या हातात रुसतो, कारण फेकताना सुटण्याची वेळ जराशी चुकली तरी जिग भलतीकडे जातो.

मी किती ग्रॅमचा जिग टाकायचा हे कसं ठरवू?

बोटीवर एक सोपा अंदाज वापरतात: जितके फूट खोली तितके ग्रॅम. १०० फूट पाणी असेल तर १०० ग्रॅमपासून सुरुवात. प्रवाह जोरात असेल, बोट वाऱ्याने वाहत असेल, तर दीडपट किंवा दुप्पट. लाइन सरळ खाली जाण्याऐवजी तिरपी दूर जात असेल आणि तळ लागल्याचं कळत नसेल, तर वजन कमी पडतंय. पाणी निवांत असेल तर हलका जिग जास्त छान फडफडतो.

किनाऱ्यावर खोली कमी आणि अंतर जास्त, म्हणून हिशोब बदलतो. बांगड्यासारखे मासे जवळ असतील तर २० ते ३० ग्रॅम पुष्कळ. समोरून वारा असेल किंवा सुरमईसारखे मोठे मासे लांब फिरत असतील तर ४० ते ६०. ८० ते १०० ग्रॅमचा किनाऱ्यावरचा खेळ वेगळाच आहे. तो भक्कम रॉड, मोठं रील आणि भक्कम खांदा मागतो. पहिला रॉड त्यासाठी घेऊ नका.

‘९८ टक्के कार्बन’, ‘४० टन कार्बन’ या जाहिराती खऱ्या मानायच्या का?

टक्क्यांवरून धाग्याची प्रत कळत नाही. रॉड म्हणजे कार्बनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. रेझिन किती, ते कसं दाबलं-भाजलं, थर कोणत्या दिशेने गुंडाळले, यावर रॉडचं आयुष्य ठरतं, आणि यातलं काहीच लेबलवर नसतं.

टनांचा आकडा धाग्याच्या कडकपणाचा, म्हणजे तो ताणायला किती जोर लागतो त्याचा. २४ टन म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २४ टन. आकडा वाढला की तेवढाच कडक रॉड कमी मालात होतो, म्हणून तो हलका आणि चपळ लागतो. पण पातळ भिंतीचा तो रॉड बोटीच्या कडेवर आपटला, जिग त्यावर ठोकला, तर सहज दुखावतो. स्वस्त रॉडमध्ये ४० टनांची बढाई असेल तर बहुधा एखाद्याच थरात तो धागा असतो. २४ ते ३० टनांचा, नीट बनवलेला रॉड परवडणाऱ्या किमतीत सगळ्यात भरवशाचा, असं माझं अनुभवाचं मत आहे.

बाहेरून दिसणाऱ्या चौकटीच्या किंवा तिरप्या पट्ट्यांबद्दलही तेच. कार्बनची पट्टी खरोखर तिरपी गुंडाळलेली असेल तर रॉड पिळवटत नाही. पण ती नक्षी नुसती वरवरची सजावटही असू शकते.

आज आपण कार्बन गृहीत धरतो, पण अमेरिकेतल्या फेनविक कंपनीने ग्रॅफाइटचे रॉड विकायला सुरुवात केली ती १९७३ च्या सुमारास. त्याआधी काचेच्या धाग्यांचं राज्य होतं.

मग फायबरग्लासचा रॉड वाईट का?

मुळीच नाही. काचेचा धागा कार्बनपेक्षा जड असतो (घनता सुमारे २.५, कार्बनची सुमारे १.८) आणि कमी कडक. त्यामुळे ९ फुटांचा काचेचा रॉड दिवसभर झटकणं नकोसं होतं. पण साडेपाच फुटांच्या बोटीच्या रॉडला वजनाचा प्रश्न कमी भेडसावतो, आणि काच मार खाते, वाकते, सहसा तुटत नाही. बोटीवर सामान एकमेकांवर आदळत असतं, मासा ऐनवेळी बोटीखाली जातो. तिथे कार्बन आणि काच मिसळलेला रॉड कमी पैशात उत्तम सौदा आहे.

गाइडकडे किती लक्ष द्यावं?

सगळ्यात जास्त. मी तर रॉड हातात घेतला की आधी गाइड, म्हणजे रॉडवरच्या लाइन ओवायच्या कड्या, बघतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका रॉडच्या टोकाच्या गाइडमधल्या रिंगेला केसाएवढी तडा गेली होती. डोळ्यांना ती दिसलीच नाही. दोन दिवस ब्रेड थोडी थोडी पिसत गेली आणि तिसऱ्या दिवशी चांगला मासा लागल्यावर टोकाशीच तुटली. मी लाइन बदलली, गाठ बदलली, आणि पुन्हा तेच. शेवटी रिंगेतून कापसाचा बोळा फिरवला तेव्हा कापूस एका जागी अडकला. तेव्हापासून कापूस माझ्या पेटीत असतो. नवा रॉड घेताना, जुना घेताना आणि हंगामात महिन्यातून एकदा प्रत्येक रिंगेतून कापूस फिरवा.

ब्रेडसाठी सिरॅमिकची रिंग हवी. सिलिकॉन कार्बाइड सर्वात कठीण आणि गुळगुळीत, पण महाग. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या रिंगाही ब्रेडला पुरतात, परवडणाऱ्या रॉडवर त्याच असणार आणि त्यात कमीपणा काही नाही. टाळायच्या त्या नुसत्या धातूच्या रिंगा. ब्रेड त्यात खाच पाडते आणि मग ती खाच ब्रेड कापते.

चौकट स्टेनलेस स्टीलची असावी आणि पायाजवळ गंज नसावा. फुजी या जपानी कंपनीचे गाइड नावाजलेले आहेत. साध्या रॉडवर ते असतील तर चांगली खूण समजा. पण एकच गाइड फुजीचा आणि बाकीचे दुसरेच, असंही दिसतं. प्रत्येक गाइड वेगळा बघा. किनाऱ्यावरच्या रॉडला पुढे झुकलेल्या चौकटीचे गाइड असतील तर उत्तम, कारण सैल लाइनचा वेढा त्यांवरून आपोआप निसटतो. वाऱ्यात फेकणाऱ्याला याची किंमत कळते.

संख्येचा साधा हिशोब: जितके फूट, साधारण तितके गाइड. कमी असतील तर रॉड वाकल्यावर लाइन वळणाऐवजी कोनात जाते आणि जोर एकाच जागी येतो. आणखी एक: लीडरची (ब्रेडच्या पुढे जोडलेल्या वेगळ्या लाइनची) गाठ टोकाच्या रिंगेतून अडखळत तर नाही ना, हे तुमची स्वतःची गाठ ओढून बघा. ब्रेड आणि लीडर जोडणारी एफजी गाठ बारीक बसते, म्हणून लहान रिंगांना ती सोयीची.

स्पिनिंग की ओव्हरहेड?

स्पिनिंग रील रॉडच्या खाली लटकतं, ओव्हरहेड वर बसतं. किनाऱ्यावर स्पिनिंग. बोटीवर दोन्ही चालतात. खोल पाण्यात जड जिग सारखा वर-खाली करायचा असेल तर ओव्हरहेड रील हाताला सोपं जातं आणि जिग खाली सोडताना अंगठ्याने थांबवता येतो. पण एकच रील घ्यायची ऐपत असेल तर स्पिनिंग, कारण ते दोन्हीकडे जातं. ओव्हरहेड रॉडचे गाइड वरच्या अंगाला असतात. असा रॉड वाकवल्यावर लाइन रॉडला टेकता कामा नये.

स्लो पिच रॉड स्वस्तात घ्यावा का?

ही पद्धत जपानमध्ये रुजली आणि तिथले गरवणारे नोरिहिरो सातो यांनी ती जगभर नेली. यात झटका हाताने मारायचा नसतो. रीलचा अर्धा किंवा एक फेरा दिला की बारीक, लवचिक रॉड वाकतो, परत सरळ होतो आणि जिग आडवा पडून पानासारखा गिरक्या घेत उतरतो. तांबोशी, हेकरूसारख्या तळाच्या माशांवर ही पद्धत फार चालते.

अडचण अशी की हे रॉड मासा उचलायला बनवलेलेच नसतात. मासा लागला की रॉड खाली, माशाच्या दिशेने झुकवायचा आणि रीलने लढायचं. सवयीने रॉड वर उचलून ताणला तर तो मोडतो. स्वस्त रॉडमध्ये परत सरळ होण्याचा वेगही मंद असतो, आणि या पद्धतीचा प्राण तोच आहे. म्हणून पहिला रॉड म्हणून नको. साध्या जिगिंगवर हात बसला की १०० ते १५० ग्रॅमच्या कामाचा एखादा साधा स्लो पिच रॉड घेऊन बघा.

किती तुकड्यांचा रॉड घ्यावा? टेलिस्कोपिक चालेल का?

किनाऱ्यासाठी दोन तुकडे. बोटीसाठी एकसंध, किंवा मुठीशी जोड असलेला. प्रवासासाठी चार-पाच तुकड्यांचे रॉड आता चांगले मिळतात, फक्त तासातासाला जोड घट्ट आहेत का ते बघावं लागतं. टेलिस्कोपिक (तुकडे एकात एक सरकणारा) रॉड जिगला नको: वाळू आणि मीठ जोडांत शिरतं, गाइड कमी असतात आणि झटक्यांनी तुकडे आत सरकतात.

दुकानात रॉड कसा तपासायचा?

शक्य असेल तर आपलं रील सोबत न्या. रील लावून रॉड पुढच्या मुठीशी एका बोटावर तोला. टोक लगेच खाली गेलं तर तो रॉड दिवसभर तुमच्या मनगटाशी भांडणार. रॉडचं वजन थोडं जास्त असलं तरी तोल चांगला असेल तर हाताला हलका लागतो. लेबलवरच्या ग्रॅमपेक्षा हे महत्त्वाचं.

मग एक डोळा मिटून बुंध्याकडून टोकाकडे बघा. गाइड एका रेषेत हवेत. जोड बसवा आणि हलकेच हलवा, टकटक जाणवली तर ठेवून द्या. काही जोडांत दोन तुकड्यांमध्ये थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते, तिला घाबरू नका. रील सीटचं चाक हाताने घट्ट करा, रीलचा पाय जराही डुलू नये. मग रॉड एकदा झटका आणि थांबा. टोक किती वेळ थरथरतं? चटकन स्थिर होणारा रॉड चांगला.

वाक बघायचा तर गाइडमधून लाइन ओवून ती सोबत्याला धरायला सांगा आणि सावकाश वाकवा. टोक बोटांत धरून कुणालाही वाकवू देऊ नका. तिथे सगळा वाक काही इंचांत येतो आणि चांगला रॉडही तुटतो.

घरी मागवला असेल तर पार्सल उघडतानाचं चित्रीकरण करा आणि त्याच दिवशी या सगळ्या गोष्टी तपासा.

वापरलेला रॉड घेणं शहाणपणाचं आहे का?

हो, फक्त सावकाश तपासा. कापूस फिरवा, गाइडच्या पायाजवळचा दोरा आणि लाख भेगाळली आहे का बघा, आणि संपूर्ण रॉडवरून नख फिरवत जा. कार्बनवर खड्डा, पांढरट डाग किंवा रंगाखाली फुगवटा लागला तर सोडून द्या. आतले धागे दुखावले असतील तर तो पहिल्या मोठ्या माशाला तिथेच मोडेल. टोक कापून आखूड केलेलं आहे का हे मूळ लांबीशी ताडून बघा. एखादी रिंग फुटलेली असणं हे सौदा मोडायचं कारण नव्हे. गाइड बदलता येतो. धागे बदलता येत नाहीत.

पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे नाही?

कॉर्कच्या सुंदर मुठीवर, धातूच्या रंगीत कड्यांवर, टायटॅनियमच्या चौकटींवर वाचवा. फोमची मूठ ओल्या हातात छान धरते. रॉडवर वाचलेले पैसे रीलच्या ड्रॅगवर (मासा ओढू लागला की लाइन सोडणाऱ्या ब्रेकवर), चांगल्या ब्रेडवर, हुक आणि स्प्लिट रिंगवर (हुक जिगला जोडणाऱ्या कडीवर) घाला. खाऱ्या पाण्यात साधा रॉड टिकतो, साधं रील लवकर कुरकुरतं. स्प्लिट रिंग उघडून गेलेला मासा तर रॉड कितीही भारी असला तरी परत येत नाही.

या रॉडला रील आणि लाइन कोणती?

किनाऱ्यावर २० ते ४० ग्रॅमला ३००० ते ४००० आकाराचं रील आणि पीई १ ते १.५. ४० ते ६० ग्रॅमला ४००० ते ५००० आणि पीई १.५ ते २. बोटीवर ६० ते १५० ग्रॅमला ५००० ते ६००० आणि पीई २ ते ३. आकारांचे आकडे कंपनीगणिक थोडे इकडेतिकडे होतात.

ब्रेड जवळजवळ ताणलीच जात नाही, म्हणून धक्का झेलायला लीडर हवा. जोरात फेकणाऱ्यांचा जुना हिशोब म्हणजे दर औंसाला १० पौंड: ६० ग्रॅमचा जिग म्हणजे सुमारे २ औंस, म्हणजे किमान २० पौंड. खडक आणि दात लक्षात घेऊन मी ३० ते ४० लावतो.

ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा ठेवा. १२ किलोंची लाइन असेल तर ३ ते ४ किलो. अंदाजाने नको, स्प्रिंगच्या काट्याला लाइन बांधून मोजा. साध्या रॉडचं आयुष्य वाढवणारी याहून स्वस्त गोष्ट मला माहीत नाही.

रॉड मोडतात ते मुख्यतः कशाने?

माशाने क्वचितच. सगळ्यात जास्त मोडतात ते मासा जवळ आल्यावर. मासा पायाशी किंवा बोटीच्या कडेला असतो, उत्साहात आपण रॉड डोक्यामागे नेतो, आणि सगळा भार टोकाच्या बारीक भागावर येतो. बुंधा आडव्या रेषेपासून ४५ ते ६० अंशांच्या वर नेऊ नका; एक-दोन पावलं मागे जा, जाळी वापरा. मासा रॉडने उचलू नका.

दुसरं, पुढच्या मुठीच्या वर, रॉडवर हात धरून ताणणं. वाकायचा भाग तुम्ही स्वतःच बांधून टाकता.

तिसरं, तळाला अडकलेला जिग रॉडने हिसकणं. रॉड सरळ जिगच्या दिशेने धरा, लाइन हातमोज्यावर किंवा लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळा आणि मागे चालत जा. उघड्या हाताला ब्रेड कधीही गुंडाळू नका, ती बोटाचं हाड दाखवेल इतकी खोल कापते.

बाकी मग टोकाला लाइनचा वेढा पडलेला असताना फेकणं, सैल जोड, गाडीचं दार. आणि चालताना हुक गाइडच्या रिंगेत अडकवणं. तडा जायला सुरुवात तिथूनच होते.

वापरून झाल्यावर काय करायचं?

गोड्या पाण्याची हलकी धार, जोराचा फवारा नको. रील काढून सीटचे आटे धुवा, मीठ तिथेच साचतं. जोड सुटा करून वाळवा. जोड अडकत असेल किंवा फिरत असेल तर त्यावर मेणबत्ती हलकेच घासा. सुटत नसेल तर गाइड धरून पिळू नका, दोघांनी मिळून सरळ रेषेत ओढा.

पाऊस आणि वीज असताना कार्बनचा रॉड धोक्याचा असतो का?

असतो. कार्बन वीज वाहून नेतो, आणि उघड्या किनाऱ्यावर किंवा बोटीवर सगळ्यात उंच वस्तू बहुतेक वेळा तुमच्या हातातला ९ फुटांचा रॉडच असतो. गडगडाट ऐकू आला की मासे चावत असले तरी रॉड आडवा ठेवा, त्यापासून दूर व्हा आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. बोटीवर असाल तर रॉड खाली ठेवून किनारा गाठा. विजेच्या तारांखालून जातानाही रॉड उभा धरू नका. जोड सुटा करून आडवा न्या.